रिकामी टीप

जुन्या धाटणीचं शिवणाचं मशीन आहे मी, मित्रांनो, पायाने चालवायचं. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता जिथे कुणाचा हात लागत नाही तेवढ्याच जागी उरली आहे. मला पाहिलंत तर म्हणाल, एवढं दणकट धूड, याला कसलं आलंय दुःख! खरंच आहे, लोखंडाला रडता येत नाही. पण लोखंडाला आवाज असतो, आणि माझ्या आवाजाचा वर्षभर फार वाईट उपयोग झाला. तो करणारी मुलगी आठ वर्षांची होती, आणि तिचा हेतू इतका चांगला होता की तिला दोष देणारा अजून जन्माला यायचा आहे. ही गोष्ट तिचीच. मी फक्त तिथे होतो, तिच्या पायाखाली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतलं, घासलं, रंगवलं, आणि शेवटी एका तपासनीस बाईंनी पांढऱ्या चिंधीवर माझी पहिली टीप मारून पाहिली. 'हं, चालतंय,' म्हणाल्या आणि ती चिंधी माझ्या पावलाखाली तशीच ठेवून मला खोक्यात बंद केलं. चिंधी का ठेवली, सांगतो. शिवताना माझं पाऊल वरून कापड दाबून धरतं आणि त्याच्या खालचे बारीक दाते कापड पुढे सरकवतात. मधे कापड नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं. आमच्या जातीत बाळपणी एवढी एकच शिकवण असते: दोघांच्या मधे काहीतरी मऊ हवं.

दुकानातून मला घेऊन गेली ती गुंडीची आई. तेव्हा ती अजून कुणाची आई झाली नव्हती. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिने सहा वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या होत्या. 'सहा वर्षं कॉलरी!' ती हसत सांगायची, 'माणसाला गळ्याखाली काही असतं, हेच मी विसरले होते.' स्वतःचं मशीन आलं, की ती अख्खा माणूस शिवणार होती.

मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं गुंडीच्या बाबांनी, एका मित्राच्या मदतीने. 'हे मशीन आहे की हत्तीचं पिल्लू?' प्रत्येक जिन्यावर ते विचारायचे, आणि आई वरून ओरडायची, 'अहो, सोंडेला धक्का लागू देऊ नका!' दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मला जागा मिळाली. बाबा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. छापून उरलेले मोठाले कागद ते घरी आणत आणि आई त्यांवर बाह्या, पाठी, खिसे आखून कापत असे. संध्याकाळी चहा पिऊन झाला की माझ्या सुईत दोरा ओवायचं काम बाबांचं. टोक ओठांत ओलं करायचं, एक डोळा मिटायचा, की दोरा आरपार. 'बघ! एका दमात!' रोज तेच, आणि आई रोज नव्याने कौतुक करायची. त्या घराचं मी खाल्लेलं मीठ हे असं होतं, मित्रांनो. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

मग मुलगी झाली. नऊ महिन्यांची असताना तिने माझ्या खणातली एक निळी गुंडी तोंडात घातली. आईने बोट घालून ती काढली तेव्हा आईचाच जीव घशाशी आला होता. तेव्हापासून पोरीचं नाव गुंडी पडलं, ते पडलंच. पाच वर्षांनी धाकटा आला. गुबगुबीत, गोल, एका जागी बसवला की बसलेलाच. त्याला सगळे ढब्बू म्हणू लागले. माझ्या मेजाखाली, पायट्याच्या म्हणजे पायाने हलवायच्या पट्टीच्या शेजारी, जी जागा असते ना, ती या दोघांची. चिंध्या गोळा करायच्या, चिंध्यांचं दुकान मांडायचं, एकमेकांना विकायच्या. वर मी चालतोय, खाली बाजार चाललाय. आईच्या शिवणाचं सगळीकडे नाव झालं होतं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कुणाची सैल झालेली विजार, कुणाची घट्ट झालेली. 'बाईच्या हाताची टीप उसवत नाही,' असं लोक म्हणायचे. बाईच्या हाताची म्हणजे माझीच की! मी आपला फुगून बसायचो.

आणि एका सकाळी छापखान्यात बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हात बरा झाला, पण कापायच्या मशीनवर पुन्हा घेतलं नाही. छापखान्याच्या फाटकाशी एक स्टूल दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, तेही डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं. घरी आल्यावर बाबा बोलेनासे झाले. एका संध्याकाळी सवयीने माझ्यापाशी आले, दोरा घेतला, ओठांत ओला केला. एकदा हुकला. दुसऱ्यांदा हुकला. तिसऱ्यांदा सुईच हलायला लागली, म्हणजे हात. आई हळूच म्हणाली, 'द्या इकडे.'

बस, एवढंच म्हणाली. बाबांनी हाताच्या एका झटक्यात माझ्या मेजावरचा डबा भिरकावला. बॉबिनी घरभर घरंगळल्या, आणि ढब्बू टाळ्या पिटून त्यांच्यामागे रांगला, कारण त्याला वाटलं, खेळ आहे.

तो पहिला दिवस. नंतर दिवस मोजायचं मी सोडून दिलं. मीठ कमी पडलं, दार जोरात लागलं, कुणी हसलं, कुणी हसलं नाही, कशाने ठिणगी पडेल याचा नेम राहिला नाही. आधी आवाज चढायचा, मग वस्तू फुटायच्या, मग हात. आईच्या दंडावर निळे वळ दिसायला लागले, आणि ऐन उकाड्यात तिने स्वतःसाठी लांब बाह्यांचे कपडे बेतले. त्या बाह्या मी शिवल्या. माझ्या आयुष्यात इतकी सरळ टीप मी कधी मारली नव्हती आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

बाबांचं दुखणं खोटं होतं का? नाही हो. रविवारी दुपारी ते एकटेच खिडकीशी बसून उजवा हात डाव्या हातात धरून बघत बसायचे, तेव्हा माझंही लोखंड कळवळायचं. पण दुखऱ्या हाताने मारलेलंही लागतंच.

आता मी त्या रविवारच्या दुपारकडे येतो. आतल्या खोलीत आवाज चढला होता. गुंडी दाराशी उभी होती, ढब्बूचा हात धरून. आईने तिला पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, 'गुंडे, तू जा बाहेर. जा, मशीनवर बस जा. चालव.'

एरवी मला हात लावायची गुंडीला बंदी होती. 'सुई बोटात जाईल' हे आईचं पालुपद. म्हणून आईने तिला लालूच दाखवली, की पोर इथून हलावी, चार घटका रमावी, तिने बघू नये. आईच्या मनात एवढंच होतं. पण गुंडी आठ वर्षांची होती, आणि आईने कधी नव्हे ते सांगितलं म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, असा तिने विचार केला. ती स्टुलावर चढली. पाय पायट्यापर्यंत कसेबसे पोचले. मी घरघरू लागलो, आणि माझ्या घरघरीत आतले शब्द बुडाले. तिने पाय थांबवला, शब्द वर आले. पुन्हा चालवला, शब्द बुडाले.

'अच्छा,' ती स्वतःशीच म्हणाली. आईने आपल्यावर काम सोपवलंय, अशी तिची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मावशी भेटल्या. आमच्याच खाली, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, आता निवृत्त. मनाने लोणी, पण बोलायला लागल्या की श्वास घ्यायला विसरायच्या. 'काय गं गुंडे, तुझी आई म्हणजे ना, नुसता कामाचा डोंगर! रविवारीसुद्धा मशीन? मला काही त्रास नाही हं, उलट बरं वाटतं. वर मशीन वाजलं की मी म्हणते, चला, घर कसं नांदतंय! नाहीतर ते समोरचे, शनिवारी काय भांडत होते, शी! तुमचं घर म्हणजे आदर्श.'

गुंडीने मान डोलावली. आदर्श म्हणजे काय ते तिला शाळेत शिकवलं होतं.

आणि महिन्याभराने आत्या आली, बाबांची थोरली बहीण. तिने आईचा दंड पाहिला, पाणी प्यायली, आणि उसासा टाकून म्हणाली, 'वहिनी, घरोघरी मातीच्या चुली. तो मनाने वाईट नाहीये, तुला ठाऊक आहे. होईल शांत. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर कळलं ना, तर उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, या घरात मुलं ठेवायची नाहीत. एक इकडे, एक तिकडे. मग काय करशील?'

आत्याला वाटलं, मुलं मेजाखाली चिंध्यांशी खेळतायत. ढब्बू खेळतच होता. गुंडीच्या हातातली चिंधी मात्र हातातच राहिली. तिने ढब्बूला एवढं जवळ ओढलं की तो कुरकुरला, 'ताई, लागतंय!'

एक इकडे, एक तिकडे. त्या दिवसापासून ढब्बूला आपल्यापासून कुणी नेऊ नये म्हणून गुंडी पहाऱ्यावर उभी राहिली, आणि तिचं हत्यार मी होतो.

किती हुशार होती पोर! पहिल्यांदा तिने दोरा ओवलेला असतानाच मला चालवलं, तर खाली दोऱ्याचं जाळं होऊन मी अडकलो. आई म्हणाली, 'कापड नसताना दोरा ठेवून चालवू नये गं राणी.' आईला वाटलं, पोरीने गंमत म्हणून चालवलं असेल. गुंडीने तेवढं शिकून घेतलं. आता ती आधी सुईतून दोरा ओढून काढायची आणि मगच पाय मारायची. मग तिच्या लक्षात आलं की पाऊल वर उचललेलं असलं तर माझा आवाज पोकळ येतो, खऱ्या शिवणासारखा वाटत नाही. म्हणून ती पाऊल खाली टाकायची. मधेच थांबायची, जणू कापड वळवतेय. पुन्हा सुरू. लांब टीप, आखूड टीप, कोपरा. हुबेहूब. डोळे मिटून ऐकलं असतं तर मीसुद्धा शपथेवर सांगितलं असतं की बाई अभ्रा शिवतेय.

आणि कापडाशिवाय माझे दाते माझ्याच पावलावर घासत होते. मला दुखत होतं, मित्रांनो. पण स्टुलावरच्या पोरीकडे पाहिलं की वाटायचं, आपलं काय एवढं!

ती शाळा सुटली की धावत घरी यायची. 'थांब की गं, खेळू,' मैत्रिणी म्हणायच्या. 'मला काम आहे,' गुंडी सांगायची, आणि मुली हसायच्या, 'मोठी आली कामवाली!' बाबांची जिन्यावरची पावलं ती मोजायची. पावलं सावकाश असली तर चिंध्यांचं दुकान उघडं राही. पावलं आपटत आली की दप्तर पाठीवर तसंच घेऊन ती स्टुलावर. ढब्बूला मेजाखाली दडवायचं, एका हाताने माझं चाक ढकलायचं. ढब्बू खालून माझ्याबरोबर 'घर्र, घर्र' गायचा. त्याला वाटायचं, ताई त्याच्यासाठीच चालवते.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, 'हिचे पाय बाकाखाली सारखे वरखाली होतात. जरा स्थिर बसायला सांगा.' संध्याकाळी तिच्या पोटऱ्या भरून यायच्या, आणि आई तेल चोळता चोळता म्हणायची, 'वाढीचं दुखणं गं. माझं बाळ उंच होतंय.' गुंडीला वाटायचं, आईने काम दिलंय, आई विसरली असेल, किंवा त्याबद्दल बोलायचं नसेल. मोठ्यांची बरीच कामं अशी असतात, ज्यांच्याबद्दल बोलायचं नसतं.

असं वर्ष गेलं. माझं शिवण बिघडू लागलं. कापड पुढे सरकेना, एक टाका तांदळाएवढा तर दुसरा बोटाएवढा. 'बाईच्या हाताची टीप उसवत नाही' म्हणणाऱ्यांनी दोन गणवेश परत पाठवले. आईने डोक्याला हात लावला आणि मशीनवाल्या काकांना बोलावणं धाडलं.

काका आले. हडकुळे, कामाला सुरुवात केली की आजूबाजूला माणसं आहेत हेच विसरणारे. त्यांची एक पद्धत होती. पेचकसाचं टोक ते माझ्या डोक्यावर टेकवायचे, मूठ स्वतःच्या कानाला लावायचे आणि चाक हळूहळू फिरवायचे, वैद्याने छाती तपासावी तसे. 'श्वास घे,' मला म्हणायचे. 'सोड.'

गुंडी शाळेतून नुकतीच आली होती. खुदकन हसली.

काकांनी माझ्या सुईखालची चकचकीत पट्टी खोलली आणि माझे दाते बोटाने चाचपले. मग पाऊल काढून उलटं केलं.

'बाई, मशीन किती वर्षांचं?'

'दहा होतील. का हो? जुनं झालं?'

'छे, दहा म्हणजे मशीनचं तारुण्य. पण दाते पार गुळगुळीत झालेत, आणि हे बघा, पावलाला खालून चरे पडलेत. कापड शिवून असं होत नाही. शंभर वर्षं शिवलंत तरी होणार नाही.' त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. 'कापडाशिवाय कोण चालवतं हे?'

आई म्हणाली, 'कुणीच नाही. ही कधी तरी गंमत म्हणून…'

'कधी तरी चालवून एवढं झिजत नाही. तासन्‌तास चालवलंय.'

'मी चालवते,' गुंडी म्हणाली. घाबरून म्हणाली. मशीन बिघडलं ते आपल्यामुळे, आणि गणवेश परत आले तेही आपल्यामुळे, हे तिला आत्ता कळत होतं. 'पण मी दोरा काढते आई! नेहमी काढते!'

'एवढं कशासाठी चालवायचं पण?' आईचा आवाज चढला. 'माझं पोट आहे ना गं यावर! खेळायचं आहे का हे?'

'खेळत नाही मी!' गुंडीचे डोळे भरले. 'तूच सांगितलंस.'

'मी? मी कधी सांगितलं?'

'बाबा ओरडतात तेव्हा मशीनवर बस म्हणालीस. चालव म्हणालीस. म्हणून मी चालवते. आवाज खाली जात नाही मग. मावशींना ऐकू येत नाही, खरंच, एकदाही आलं नाही! त्या म्हणतात आपलं घर आदर्श आहे.' ती आता हुंदके देत होती आणि भरभर बोलत होती, शाळेत पाठांतर विसरायच्या आत म्हणून टाकावं तशी. 'ऐकू गेलं तर ढब्बूला दुसरीकडे ठेवतील. आत्या म्हणाली. एक इकडे, एक तिकडे. त्याला माझ्याशिवाय झोप येत नाही आई, त्याला ते लोक काय सांगतील?'

काका माझा एकच स्क्रू पुन्हा पुन्हा फडक्याने पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

आई मटकन खाली बसली. जमिनीवरच, गुंडीच्या पायांशी. तिने गुंडीच्या पोटऱ्या दोन्ही हातांत धरल्या. रोज तेल लावत होती त्याच पोटऱ्या. 'वाढीचं दुखणं,' ती म्हणाली. 'मी म्हणत होते वाढीचं दुखणं.' आणि मग तिने तिथेच डोकं टेकलं.

जाताना काका दाराशी रेंगाळले. 'नवे दाते मिळवायला चार दिवस लागतील,' म्हणाले. पायात चपला सरकवल्या, पुन्हा काढल्या. 'मी मशीनचा माणूस, बाई. माणसांतलं मला कळत नाही. पण एक सांगतो. नवे दाते बसवीन, तेही असेच जातील. घासणं थांबलं पाहिजे.'

चौथा दिवस उजाडायच्या आधी शनिवार आला. संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते. आईने बाबांच्या पानाशी पाण्याचा पेला ठेवला तो सवयीने उजवीकडे.

'मुद्दाम ठेवतेस?' बाबा म्हणाले. 'उजव्या हाताने कसा धरणार मी? दाखवतेस मला? रोज दाखवतेस?'

'अहो, चुकून…'

पेला भिंतीवर फुटला. गुंडी केव्हाच स्टुलावर होती. ढब्बू मेजाखाली, पाऊल खाली, चाकाला धक्का, आणि मी सुरू झालो. दाते काढून नेले होते तरी माझी घरघर शाबूत होती. आतून बाबांचा आवाज, बाहेरून मी. आम्ही दोघे एकमेकांशी चढाओढ करत होतो.

'गुंडे, पाय काढ!' आई आतून ओरडली.

गुंडीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने वेग वाढवला. तशी आई बाहेर आली, केस सुटलेले, आणि तिने आपला तळवा माझ्या फिरत्या चाकावर दाबला. कातडी भाजली असेल तिची. मी थांबलो.

'मशीनला हात लावायचा नाही आता. उतर खाली.'

'आई, ऐकू जाईल!'

'जाऊ दे ऐकू.'

आणि आईने घराचं दार उघडलं. सताड. जिन्यातला उजेड आत आला, जिन्यातले वास, खालच्या कुणाचा तरी रेडिओ.

बाबा उंबऱ्यापर्यंत आले. 'दार लाव.'

'नाही लावणार.'

'चार लोकांत शोभा करायची आहे का घराची? लाव म्हणतो ना!'

'तुम्ही बोला की,' आई म्हणाली. ती दाराला पाठ लावून उभी होती. 'जे रोज बोलता तेच बोला. आज पोर मशीन चालवणार नाही. आज सगळ्यांना ऐकू दे.'

बाबांचा हात वर गेला होता. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं आणि खालून पावलं वाजली. खालच्या मावशी ओले हात पदराला पुसत पुसत वर येत होत्या. त्यांनी फुटलेला पेला पाहिला, आईचे केस पाहिले, आणि मग स्टुलावर बसलेली गुंडी पाहिली, दोन्ही पाय अजून पायट्यावर. त्यांची नजर तिथून हलेना.

'म्हणजे… ते रविवारचं…' त्या म्हणाल्या. 'ते मशीन…' आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेनात. मग त्या थेट आत आल्या आणि गुंडीला कडेवर उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला. 'अगं पोरी, मी खाली बसून कौतुक करत होते गं! जन्म गेला माझा दुखणी ओळखण्यात आणि डोक्यावरचं दुखणं मला ओळखता आलं नाही.'

बाबांचा हात खाली आला. भिंतीला टेकून ते खाली बसले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. 'चला,' आईला म्हणाल्या. 'आधी खाली चला. बाकीचं मग.'

मेजाखालून ढब्बूला बाहेर काढलं. दारातून जाताना मावशींच्या खांद्यावरून गुंडीने विचारलं, आणि तिला काय विचारायचं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'आई, आता आम्हाला वेगवेगळं ठेवणार?'

'कुणाची हिंमत आहे?' आई म्हणाली. 'दोघं माझ्याजवळ. एकाच पांघरुणात.'

मी मागे राहिलो. बाबा आणि मी. किती तरी दिवस ते घर इतकं शांत होतं की माझ्यावर धूळ बसते तिचाही आवाज येईल असं वाटायचं. मग एका सकाळी गुंडीचा मामा हातगाडी घेऊन आला. बाबांनी न सांगता माझी एक बाजू उचलली. दोन जिने दोघं उतरले. तिसऱ्यावर बाबांनी विचारलं, 'गुंडी कशी आहे?'

मामा रागात होता. उत्तर द्यायचं नाही असं ठरवूनच आला असावा. पण म्हणाला, 'झोपते आता.'

बाबांनी मला गाडीवर ठेवलं आणि दोरी बांधायला मदत केली. 'झोपते ना,' एवढंच म्हणाले.

आता आम्ही मामाकडे असतो. काकांनी नवे दाते बसवलेत आणि माझी टीप पुन्हा सरळ आलीय. जागा बेताची आहे, मामीचा चेहरा महिन्याअखेरीस जरा आंबट होतो, पण मनाने ती चांगली. बाबा रविवारी बागेत येतात, मामा शेजारच्या बाकावर वर्तमानपत्र उलटं धरून बसतो. इस्पितळातल्या कुणा समुपदेशक बाईंकडे बाबा मनातलं बोलायला जातात म्हणे. कधी जातात, कधी चुकवतात. पुढे काय होईल? मी मशीन आहे, मित्रांनो, ज्योतिषी नव्हे.

परवा मात्र एक झालं. स्वयंपाकघरात मामीच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं. फरशीवर वाजत वाजत गोल फिरलं. गुंडी बाहेर मैत्रिणींबरोबर खेळत होती, आणि क्षणात ती माझ्यापाशी! स्टुलावर चढलेली, पाय पायट्यावर, चेहरा पांढराफटक. मेजाखाली हात घालून ढब्बूला शोधत होती. तो तर अंगणात मातीत लोळत होता.

आई आली. तिने गुंडीला उतरवलं नाही. शेजारी उभी राहिली आणि हळू म्हणाली, 'झाकण पडलं गं. मामीच्या हातून. ऐक, आता मामा काय म्हणतोय ते ऐक.'

आतून मामा म्हणत होता, 'वाजव, अजून वाजव, म्हणजे शेजारी जेवायला येतील!' आणि मामी हसत होती.

गुंडीने नीट ऐकलं. हसू संपेपर्यंत ऐकलं. मग तिने एक पाय खाली घेतला. दुसरा घ्यायला बराच वेळ लागला. आई घाई करत नव्हती.

म्हणून तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. हात नाहीत, तर चाक जोडून म्हणा. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं काही चालू असेल तर ते झाकायचं काम तुमचं नाही. कुणी सोपवलं असं वाटलं तरी नाही. शाळेतल्या बाईंना सांगा, खालच्या मावशींना सांगा, ज्याचा धीर वाटेल त्याला सांगा, आणि पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि वर्गात तुमच्या शेजारची कुणी शाळा सुटताच रोज पळत घरी जात असेल, तर तिला 'मोठी आली कामवाली' म्हणून हसू नका. एक दिवस तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत जा.